मिरकरवाड्यातील शेवटची फेरी

सुट्टीत कोकणात जायचे म्हणजे वाळू, आंबे आणि घाटात उलट्या करणारी मुले, एवढेच आमचे आजवरचे कोकण. या मे महिन्याच्या अखेरीस मात्र कोल्हापूरहून आंबा घाट उतरून आम्ही सरळ रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर गेलो. आमच्या शेजारी दोन वर्षे भाड्याच्या खोलीत राहून डिझेल मेकॅनिकचा कोर्स केलेला एक मुलगा तिथला. आमच्या अम्मींना तो खाला म्हणायचा आणि दर ईदला न चुकता आग्रह करायचा, "खाला, एकदा बंदरावर या. मासे तुम्ही खाता, पण पाहिले कुठे आहेत?"

भगवती किल्ल्याच्या डोंगरावर दीपगृह आहे. त्याच्या पायथ्याशी, लाटा अडवणाऱ्या बांधाच्या आत, शेकडो नौका एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. पहिल्या पाच मिनिटांत वासाने जीव नकोसा झाला. दुसऱ्या दिवशी तो जाणवेनासाही झाला.

आम्ही पोहोचलो तेव्हा गुरुवारची संध्याकाळ होती आणि मुलाचे वडील समुद्रात होते. चार दिवसांची फेरी, हंगामातली शेवटची. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. या काळात बऱ्याच माशांची वीण होते आणि पावसाळी समुद्र तसाही कोणाला उभे राहू देत नाही. म्हणजे या शेवटच्या फेरीवर घराचे दोन महिने काढायचे. दादी ओट्यावर तसबीह घेऊन बसल्या होत्या. बोलत आमच्याशी होत्या, पण बंदरात इंजिनाचा आवाज आला की मध्येच थांबायच्या. "ही आमची नाही," म्हणायच्या आणि तुटलेले वाक्य पुन्हा जोडून घ्यायच्या. डोळ्यांनी त्यांना आता फारसे दिसत नाही.

नौका आली ती शुक्रवारी, फजरच्या आधी. आम्ही सगळे धक्क्यावर धावलो. तांडेल दोरी फेकत होता, खलाशी बर्फातून क्रेट वर काढत होते. सहा खलाशांपैकी चौघे नेपाळचे. डोंगरातली ही मुले अरबी समुद्रात कशी आली, असे आम्ही विचारले तर एक जण हसून म्हणाला, "पहिले सहा महिने नुसती उलटी."

क्रेटमध्ये राणी मासा, बळा, म्हाकूल आणि थोडी कोळंबी. सुरमई दोन क्रेट, पापलेट एकच, तेही तळहातापेक्षा लहान. बाकी एक मोठा ढीग असा होता की त्यातल्या माशांना नाव द्यायलाही कोणी थांबत नव्हते. तो कुटीला, म्हणजे वाळवून भुकटी करायला जाणार होता. राणी मासा बाजारात फारसा दिसत नाही. त्याचा गर काढून सुरिमी होते आणि खेकड्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कांड्या त्यातूनच बनतात, हे आम्हाला तिथे कळले.

लिलाव पाऊण तासात आटोपला. बोली इतकी भरभर चालते की परक्याला भाव कळायच्या आत माल टेम्पोत चढलेला असतो. चार रात्री ज्याने जाळे ओढले, तो भाव ठरताना बाजूला उभा राहून चहा पीत होता. आम्हाला हे फार खटकले. त्याला सवय होती.

आमच्या धाकटीने एक इवले पापलेट उचलले आणि विचारले, "चाचा, हा तर पिल्लू आहे. याला का पकडलं?"

प्रश्न बोचरा होता. पापलेटला २०२३ मध्ये राज्यमासा ठरवले आहे आणि त्याच वर्षी ५४ जातींसाठी किमान लांबीचा नियम झाला. त्याहून लहान मासा धरायचा नाही.

चाचा रागावले नाहीत. म्हणाले, "बेटा, आमचं जाळं तळाशी ओढत नेतात. वर येईपर्यंत हा मेलेला असतो. परत टाकला तरी जगत नाही." मग आमच्याकडे वळून हळू आवाजात पुढे बोलले. जाळ्याची आस, म्हणजे भोक, मोठी ठेवली की पिल्ले सुटतात, हे त्यांना ठाऊक आहे. एका हंगामात त्यांनी ठेवलीही होती. "शेजारची नौका भरून यायची, आमची अर्धी. खलाशी म्हणाले, शेठ, आम्ही तिकडे जातो." पर्ससीन जाळ्यांवर २०१६ मध्ये निर्बंध आले, एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर २०१७ मध्ये बंदी आली. पण रात्री दूरवर उजेड दिसतो तेव्हा नियम पाळणाऱ्याच्या मनात काय येते, हे त्यांनी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.

घरी वहीत हिशेब मांडला गेला. डिझेल, बर्फ, रेशन, खलाशांचा पगार. डिझेलचा आकडाच लिलावाच्या निम्म्यापुढे गेला होता. डिझेलवरचा कर सरकार परत करते खरे, पण तो मागाहून. टाकी भरताना पैसे आधी मोजावे लागतात. त्यातच इंजिनाचा पंप बिघडला, म्हणून शेवटचे जाळे न टाकताच परतावे लागले होते.

दादी जुम्याची सूरह कहफ वाचून उठल्या होत्या. म्हणाल्या, "त्या गरिबांच्या नावेलाही भोक पाडलं होतं ना? त्यातच त्यांचं भलं होतं."

"अम्मा, त्या नावेला डिझेलचं बिल नव्हतं," चाचा बोलून गेले आणि लगेच जीभ चावली. दादीच आधी हसल्या.

दुपारी वारा असा सुटला की धक्क्यावरच्या ताडपत्र्या उडाल्या. दादी काही बोलल्या नाहीत. चाचांनी मात्र दोनदा खिडकीतून बाहेर पाहिले.

जुम्यानंतर दस्तरखानावर तांदळाची भाकरी, तिरफळ घातलेले बांगड्याचे कालवण, कोळंबी आणि खेकडे. दादींनी आधीच विचारून घेतले होते, "तुम्ही हनफी ना?" त्यांच्या शाफई घरात खेकडा, म्हाकूल सगळे चालते. आमच्याकडे नाही, आणि कोळंबीबद्दल तर आमच्या घरातच दोन मते आहेत. आमच्यासाठी सौंदाळे वेगळ्या तव्यावर तळले होते. आम्ही काही मागितले नव्हते.

जेवताना मुलाने विषय काढला. त्याला आखाती देशात मेकॅनिकची नोकरी मिळत होती, कागदपत्रे ऑगस्टपर्यंत द्यायची होती. चाचा म्हणाले, "पंप तर आधी खोल." बस्स, एवढेच. आमच्या अम्मी त्या मुलाकडे पाहत राहिल्या.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो तेव्हा नेपाळी मुले पाठीवर बॅगा अडकवून स्टेशनला निघाली होती. पुढच्या हंगामाची उचल खिशात होती, म्हणजे परत येतील इन्शाअल्लाह. मुलगा इंजिनात कोपरापर्यंत हात घालून बसला होता, हात मिळवता येईना म्हणून त्याने मनगट पुढे केले. चाचांनी थर्माकोलच्या खोक्यात बर्फ भरून सुरमईच्या तुकड्या दिल्या. पैसे विचारले तर वाईट वाटून घेतले. आंबा घाटाच्या वळणांवर खोक्यातले पाणी गाडीत गळू लागले, आणि धाकटीने नाक धरून पहिला प्रश्न विचारला तो असा, "अब्बू, दादा गेला तर चाचांच्या नौकेचं इंजिन कोण बघणार?"