भारत एक खोज आणि आमची आजी

सध्या यूट्यूबवर 'भारत एक खोज' पुन्हा बघतोय. श्याम बेनेगलांची ५३ भागांची मालिका, १९८८ साली दूरदर्शनवर सुरू झालेली. आमच्या घरी ती अगदी 'आपली' म्हणून बघितली जायची, कारण मूळ पुस्तक नगरच्या किल्ल्यातलं! नेहरू तिथे ऑगस्ट १९४२ ते मार्च १९४५ कैदेत होते आणि १९४४ मध्ये पाचेक महिन्यांत त्यांनी ते लिहून काढलं. (त्याच कैदेत मौलाना आझाद 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रं लिहीत होते. किल्ल्याचा खंदक दिसला की मला अजून याची गंमत वाटते.)

खरं तर ही काही कादंबरी नव्हे. अशा पुस्तकाची मालिका करायची म्हणजे अवघडच काम. बेनेगलांनी रोशन सेठना नेहरू केलं, निवेदनाला ओम पुरींचा आवाज घेतला आणि बाकीचं सरळ नाटकासारखं उभं केलं. नसीरुद्दीन शहांचे शिवाजी महाराज आठवतात ना?

नानांना मात्र पुस्तक तोंडपाठ. जरा काही वेगळं दिसलं की लगेच, "हे पुस्तकात नाही!" मग आला महात्मा फुल्यांचा भाग. पुस्तकात फुल्यांवर वेगळं प्रकरण नाही, मालिकेत अख्खा भाग. आणि जोतीराव कोण, तर आपल्या नगरचे सदाशिव अमरापूरकर! 'अर्धसत्य'मधला रामा शेट्टी डोळ्यांसमोर असताना हा माणूस फुले म्हणून पटतो, हे केवढं मोठं काम. मला विचाराल तर बेनेगलांनी पुस्तकाबाहेर पाऊल टाकलं ते बरंच केलं.

त्या दिवशीही नानांनी सुरू केलंच होतं. आजी एरवी मालिका बघताना निवडणं-टिपणं करायची, पण त्या दिवशी सूप बाजूला ठेवून बसली होती. फुल्यांनी १८४८ मध्ये नगरला मिस फॅरारबाईंची मुलींची शाळा पाहिली, पुढे सावित्रीबाई त्यांच्याकडे शिकवायचं शिकायला आल्या, हे तिला कुठून ठाऊक होतं कोण जाणे. चौथीतून शाळा सुटलेली बाई ती.

म्हणाली, "सावित्रीबाई मास्तरीण व्हायला नगरला आल्या. मला नगरला आणलं ते शाळा सोडवून."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. नाना तिचा थोरला मुलगा, तेव्हा पन्नाशीचे. काहीच बोलले नाहीत. मालिका पुढे संपेपर्यंत आम्ही सगळे भाग पाहिले, पण "हे पुस्तकात नाही" परत काही ऐकू आलं नाही.