कुंपणाच्या आत आणि बाहेर

निसर्ग वाचवायचा म्हटलं की आपल्याला आधी कुंपण आठवतं. आत कुणाला येऊ दिलं नाही की झालं! पण आपल्याच भागातल्या दोन जागा वेगळंच सांगतात. वर्गात 'धारणक्षमता' शिकवताना मी आलेख काढण्याआधी मुलांना या दोन गोष्टी सांगतो.

पहिली साताऱ्याजवळच्या कास पठाराची. 2012 साली ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. इथं जांभ्या खडकावर मातीचा थर अगदी पातळ. म्हणून सीतेची आसवं, दवबिंदू, गेंद अशी इवलीशी झाडं इथं टिकली. जे गवत वाढायचं, ते गावची गुरं खायची. पर्यटकांची गर्दी वाढली, तसं पठाराला तारेचं कुंपण घातलं. गुरं थांबली आणि गवत माजलं. ऊन आणि जागेसाठी गवताशी स्पर्धा करताना फुलं मागं पडू लागली, असं गावकरी सांगू लागले. पुढे ते कुंपण काढलं गेलं.

दुसरी गोष्ट सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वरची. एकेकाळी हे डोंगर उघडेबोडके होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या प्रयत्नांतून तिथं झाडं उभी राहिली, हरणं सोडली गेली आणि 1985 मध्ये अभयारण्य झालं. क्षेत्र जेमतेम 10.87 चौरस किलोमीटर. चितळ, सांबर, काळवीट वाढत गेले. खाणारा वाघ नाही, पण जागा तेवढीच. उन्हाळ्यात चारा-पाणी आटतं. मग रात्री हरणं शेजारच्या पिकात शिरतात. हरणाला दोष द्यायचा की राखणीला जागणाऱ्या शेतकऱ्याला? इथली काही चितळं चांदोलीच्या जंगलातही नेली गेली.

एखाद्या जागेतलं अन्न, पाणी आणि निवारा जेवढ्या जीवांना कायम पुरतो, तेवढी तिची धारणक्षमता. ती दगडावरची रेघ नव्हे. पाऊस, चराई, झाडोरा बदलला की तीही बदलते.

म्हणजे कुंपण वाईटच असतं का? तसं नाही. पण कुंपण घातलं की आतला हिशोब बदलतो, आणि तो दरवर्षी पुन्हा मांडावा लागतो. नाहीतर 'कुंपणच शेत खातं' ही म्हण खरी व्हायची!

तुमच्या गावातलं एखादं गायरान किंवा तळं वर्षभर बघा. तिथं कोण वाढलं, कोण कमी झालं आणि का, ते वहीत लिहा.