जोडून आलेले दोन दिवस

आत्याचा वीकली ऑफ रविवारी क्वचितच यायचा. ट्रंक एक्स्चेंजमध्ये पाळ्या लागत, आणि ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांना रविवार आधी मिळावा, असं तिचंच म्हणणं असे. मग सोमवार, बुधवार असला एखादा ओशाळलेला वार तिच्या वाट्याला येई. पण कधीतरी शनिवारची रजा मंजूर व्हायची, त्याला लागून रविवारचा ऑफ पडायचा, आणि गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत आठवडाभर आधीपासून लगबग सुरू व्हायची. माथेरानला जायचं असायचं.

तिचं काम काय होतं हे आजच्या मुलांना सांगायला बसलं तर बराच वेळ जातो. एका गावाहून दुसऱ्या गावी बोलायचं तर आधी कॉल बुक करावा लागे. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे त्याचे दर चढत जात. हेडफोन लावून आत्या दोन गावं जोडून द्यायची आणि तीन मिनिटं झाली की तसं सांगायची. लोकांची बाळंतपणं, मयती, मोडलेली लग्नं, पास झालेली मुलं सगळी तिच्या कानांतून जात. त्यातलं एक अक्षर तिनं घरी कधी सांगितलं नाही. ‘ते त्यांचं आहे,’ एवढंच म्हणायची. संध्याकाळी शेजारी कुणाच्या तरी रेडिओवर कामगार सभा लागलेली असे, गॅलरीत पोरांचा गलका असे, आणि ती मोरीत पाय धुऊन पाच मिनिटं भिंतीला टेकून डोळे मिटून बसायची. तेवढा वेळ आम्ही भावंडं हळू बोलायचो. धाक म्हणून नाही. दिवसभर एवढं ऐकून आलेल्या त्या कानांची आम्हांला खरोखर माया वाटायची.

सुखाची तिची एक रीत होती. ते आपोआप घरात येत नाही, कुणीतरी उठून ते आणावं लागतं, असं ती धरून चालायची आणि उठायची ती स्वतः. दुपारची पाळी असली की उजाडता उजाडता ग्रँट रोड स्टेशनापर्यंत चालत जाऊन १९१४ पासून चालत आलेल्या मेरवानमधून मावा केक घेऊन यायची. उशीर झाला तर ते संपून जात, म्हणून ही पायपीट. आम्ही डोळे उघडायचो तो अजून कोमट असलेल्या खोक्याचा वास अंथरुणापर्यंत आलेला असायचा. वेलदोडा, मावा आणि किंचित करपलेला कागद. त्या वासानं सुरू झालेला दिवस शाळेत कितीही वाईट गेला तरी पुरता वाईट कधी ठरला नाही.

म्युझियमला जायचं असलं तर दुमजली बसच्या वरच्या मजल्यावरची अगदी पुढची सीट रिकामी असेल अशीच बस ती घ्यायची; त्यासाठी एखाददुसरी बस सोडूनही द्यायची. शेवटची ट्राम १९६४ च्या मार्चअखेरीस धावली तेव्हा ती बघायला गेलेल्या गर्दीत आत्याही होती, आणि ट्राम गेल्याचं दुःख ती त्या पुढच्या काचेतून मुंबई बघून भरून काढत असावी. काळ्या घोड्याच्या वळणावर बस कलली की ती माझा दंड धरायची. बेस्टच्या त्या जुन्या दुमजली बस २०२३ च्या सप्टेंबरात बंद झाल्या, त्या दिवशी मी टीव्हीपुढून उठू शकले नाही. आता विजेवर चालणाऱ्या, गार हवेच्या दुमजली गाड्या आहेत, चांगल्या आहेत. पण माझा दंड धरणारं कुणी नाही.

माथेरानची तयारी शुक्रवारी रात्री खरी रंगात यायची. आई म्हणायची, ‘वन्सं, दिवसभर ड्यूटी करून आलात, मी करते.’ आत्या तिला परातीजवळ फिरकू द्यायची नाही. कणीक दुधातच भिजवायची, पाण्याचा थेंब नाही, म्हणजे दशम्या दोन दिवस मऊ राहतात. बरोबर लसणाची कोरडी चटणी आणि लिंबाचं गोड लोणचं. तिनं स्वतः विणलेली हिरव्या-पिवळ्या वायरची पिशवी, फिरकीचा तांब्या, सतरंजी, बॅटरी. सगळं दाराशी मांडून झालं की ती एकदा त्याच्याकडे बघून समाधानानं मान हलवायची आणि मग झोपायची. आम्हांला मात्र झोप लागत नसे.

दादरहून गाडी पकडणं सोयीचं होतं, पण ती आम्हांला व्हीटीलाच नेई. गाडी जिथून सुटते तिथूनच बसायचं, म्हणजे खिडकी मिळते. कर्जत लोकल नेरळला थांबली की बाबांनी उतरून तिकिटाच्या रांगेकडे पळायचं, हे ठरलेलं. सगळ्या डब्यांतून कुणाचे ना कुणाचे बाबा पळत असत. मग ती छोटी गाडी. दोन फुटांचे रूळ, वळणावर खिडकीतून आपल्याच गाडीचं इंजिन दिसायचं. आदमजी पीरभॉय कुटुंबानं १९०४ मध्ये काम सुरू करून १९०७ मध्ये ही गाडी डोंगरावर चढवली, हे आत्या दर वेळी सांगायची, आणि अशा कौतुकानं सांगायची की मला लहानपणी ते आमचे कुणी लांबचे नातेवाईक वाटत. जुम्मापट्टीला गाडी थांबली की करवंदाचे द्रोण घेऊन बायका खिडकीशी येत. वन किस टनेल नावाचा एवढासा बोगदा आला की सगळा डबा ओरडायचा, आई पदराआड हसायची, बाबा बाहेर बघायचे.

वर पोचल्यावर मोटार नाही, हॉर्न नाही. घोड्यांच्या टापा, माकडं, तांबडी माती. त्या मातीनं पांढरे मोजे पहिल्याच संध्याकाळी विटकरी होत आणि गिरगावात परतल्यावर दोन-तीन धुण्यांत मोरीतून तांबूस पाणी वाहत राही. आई वैतागायची. आत्या म्हणायची, ‘राहू दे गं वहिनी, तेवढंच माथेरान अजून घरात आहे.’

एको पॉइंटवर सगळे जण आपापलं नाव ओरडून परत येणारा आवाज ऐकत. आम्हीही घसा बसेपर्यंत ओरडायचो. आत्या तिथे थांबत नसे. ती पुढे लुईझा पॉइंटकडे चालू लागायची आणि समोर प्रबळगड दिसेल अशी जागा धरून बसायची. वारा आणि खाली दरीत कुठेतरी गुरांच्या घंटा, एवढंच. आठ-आठ तास दुसऱ्यांचे आवाज कानात घेणाऱ्या बाईला ती जागा काय देत असेल, हे मला नोकरी लागल्यावर थोडं थोडं कळत गेलं.

रविवारी सकाळी ती बाजारातल्या पोस्टात पंधरा पैशांचं कार्ड टाकायची. पत्ता आमचाच. मजकूर साधा: काल पिठलं चांगलं होतं, धाकट्याला घोड्यावर बसवलं, जांभळाच्या झाडांना अजून फळ नाही. ते कार्ड मंगळवारी-बुधवारी यायचं. सगळे आपापल्या पाळ्यांत, शाळांत, गर्दीच्या लोकलमध्ये परत जुंपलेले असायचे, आणि पोस्टमन जिन्यातून आमचं नाव पुकारायचा. बाबा ते मोठ्यानं वाचायचे. शेजारच्या बायका दाराशी येऊन ऐकायच्या. आठवड्याच्या मधोमध पुन्हा एकदा थोडा रविवार मिळायचा. पुढे एसटीडी आलं, ट्रंक एक्स्चेंजमधली वर्दळ ओसरली, आत्या निवृत्त झाली. तरी कार्डं थांबली नाहीत.

२००५ च्या जुलैतल्या पावसानं माथेरानचे रूळ वाहून गेले. ते २००७ मध्ये पुन्हा जोडले गेले तेव्हा तिनं आम्हां सगळ्यांना, नातवंडांसकट, गोळा करून नेलं. गुडघे तोवर दुखायला लागले होते. हातरिक्षात बस म्हटलं तर बसेना. ‘माणसानं ओढलेल्या गाडीत मी बसायची नाही,’ म्हणाली आणि स्टेशनापासून खोलीपर्यंत कठडा दिसेल तिथे टेकत चालत गेली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं, ती बातमी मला तिला वाचून दाखवायची होती. फार हवी होती ती त्या दिवशी.

ती गेली २०१६ मध्ये, ऐन पावसाळ्यात. त्या वर्षी डबे घसरले म्हणून माथेरानची गाडीही बंद होती. मग काही वर्षांत चाळ रिकामी झाली, पाडली गेली, तिथे आता उंच इमारत उभी राहते आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात गिरगावचं मेट्रो स्थानक सुरू झालं. मी एकदा मुद्दाम तिथे उतरले. सरकत्या जिन्यानं वर आले आणि आमची गॅलरी हवेत नेमकी कुठे होती ते ठरवत फुटपाथवर उभी राहिले. ठरलं नाही.

आता आम्ही माथेरानला मोटारीनं जातो. दस्तुरीला गाडी लावायची, तिथून चालायचं. पहाटे ठरवलं तरी जेवायला तिथे पोचता येतं. हॉटेल बरं असतं, जेवण बरं असतं. मुलांना सगळं आवडतं आणि मी त्यांना दोष देणार नाही. पण आठवडाभर वाट बघणं त्यांच्या वाट्याला आलं नाही, बुधवारचं कार्ड आलं नाही. आमच्यासाठी ते सगळं एक माणूस रात्री जागून तयार करत होतं. तिला स्वतःचं घर नव्हतं, नवरा-मुलं नव्हती, आणि आमच्या घरातलं जे काही आनंदाचं म्हणून मला आठवतं, त्याला तिचाच हात लागलेला आहे. तिच्यामागे कितीतरी गोष्टी आम्ही नीट सांभाळल्या: तिचे कागद, तिच्या बांगड्या, पिशवीसुद्धा. तिची ही मेहनत मात्र कुणी उचलून धरली नाही, आणि मला ती खंत रोज लागते.

या थंडीत आम्ही भावंडं रेल्वेनं जायचं ठरवलं आहे. गाडी २०२२ पासून पुन्हा नेरळहून वर जाते. सीएसएमटीहून बसायचं, दादरहून नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं. दशम्यांवरून मात्र फोनवर रोज वाद चालू आहे. धाकटी वहिनी म्हणते पिठात गूळ हवाच, आत्या घालायच्या. मी म्हणते, मी परातीशेजारी बसलेली असायचे, ती नुसत्या दुधातच भिजवायची. धाकटा म्हणतो, दोन्ही करा.