रांग लागतेच!

रात्रीचा दीड वाजलाय आणि मी गणपतीतल्या कॅरम स्पर्धेचा तक्ता पुन्हा काढून बसलोय. "अहो, विसर्जन होऊन आठवडा झाला," बायको म्हणाली. झाला की! पण मला आज संध्याकाळी टूर्नामेंट कळलंय. आलेखशास्त्रातलं टूर्नामेंट: प्रत्येक खेळाडू म्हणजे एक टिंब, आणि कुठल्याही दोन टिंबांमध्ये एकच बाण, जिंकलेल्याकडून हरलेल्याकडे. बस्स, एवढंच. बरोबरी नावाची भानगडच नाही.

आम्ही सातजण, प्रत्येकाचा प्रत्येकाशी सामना, एकूण 21. आणि त्यात गुंता असा की काकांनी मला धुतलं, मी बंड्याला, आणि बंड्याने काकांना! पहिला नंबर कोणाचा, यावरून आरती सुरू होईपर्यंत भांडण.

आणि हंगेरीचा लास्लो रेदेई 1934 सालीच सांगून गेलाय: गुंता कितीही होऊ द्या, सगळ्यांची अशी एक रांग लागतेच, जिच्यात प्रत्येकाने आपल्या लगेच मागच्याला हरवलेलं असतं. लागतेच? मला पटेना. नावांच्या चिठ्ठ्या केल्या. समजा काहीजणांची रांग लागलेली आहे आणि नवा गडी आला. त्याला पुढून विचारत जायचं. याला हरवलंस? नाही. याला? नाही. याला? हो! मग याच्या पुढ्यात घूस. आता नव्याच्या पुढे कोण उरला? ज्याला तो हरवू शकला नाही तो, म्हणजे ज्याने त्यालाच हरवलं तो! सांधा दोन्हीकडून घट्ट. कोणालाच हरवलं नसेल तर जा शेवटी. कसलं गणित, ही तर रेशनच्या रांगेतली घुसखोरी!

वर आणखी कहर म्हणजे अशा रांगा मोजाल तर नेहमी विषमच भरतात. आमच्या त्रिकुटाच्या मोजल्या: काका-मी-बंड्या, मी-बंड्या-काका, बंड्या-काका-मी. तीन! तिघेही पहिले! उगाच भांडलो.

आता झोप कसली? सात चिठ्ठ्या गोल मांडल्यात. प्रत्येकाने घड्याळाच्या दिशेने आपल्यापासून पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्याला हरवायचं. प्रत्येकाचे तीन विजय, तीन पराभव. आणि कुठलेही दोघे उचला, त्या दोघांनाही हरवणारा तिसरा तिथे बसलेलाच असतो! सातपेक्षा कमी खेळाडूंत हे जमतच नाही. दोघांऐवजी दहाजण उचला, शंभर उचला, खेळाडू पुरेसे असतील तर तशीही स्पर्धा निघते, हे पॉल एर्डॉशने 1963 मध्ये सिद्ध केलंय. शंभर मरू देत. माझ्यापुढे जोड्या 21, आणि मी चौदाव्या जोडीवर आलोय.