एमएच-१४ चा छोटा हत्ती

पुण्यातल्या बऱ्याच मंडळींसाठी पिंपरी-चिंचवड म्हणजे हायवे गाठण्याआधीचे सिग्नल आणि चाकण म्हणजे नाशिकला जातानाचा वैताग! पण एखाद्या वर्किंग डेला, सकाळी सातच्या सुमारास, भोसरीच्या लांडेवाडी चौकात जरा कडेला उभे राहा. बाइक्स, स्टाफ बसेस, शेअर रिक्षा हे सगळं असतंच. नजर ठरते ती मात्र चार बारकी चाकं, दोन माणसांची केबिन आणि मागे हौदा अशा एका बुटक्या गाडीवर. हौद्यात कास्टिंगचे क्रेट, नाहीतर पाण्याचे जार, नाहीतर उभा बांधलेला कुणाचा तरी फ्रीज. केबिनमध्ये डॅशबोर्डवर माउली, शेजारी चलनांची फाइल आणि जेवणाचा डबा. डबा महत्त्वाचा! कारण गाडी चालवणारा हा नुसता ड्रायव्हर नसतो. बऱ्याचदा तोच गाडीचा मालक असतो, तोच वर्कशॉपचाही मालक असतो आणि ही त्याची ऑफिसला जायची गाडीसुद्धा असते.

आपण हिला सरसकट ‘टेम्पो’ म्हणून मोकळे होतो. तो शब्दही इथलाच, म्हणजे जर्मनीहून आला पण मोठा झाला आकुर्डीत. हॅम्बुर्गच्या ‘टेम्पो’ कंपनीची तीनचाकी मालगाडी बजाज टेम्पोने इथे बनवली आणि ती इतकी चालली, की ब्रँडचं सामान्यनाम झालं. २००५ मध्ये कंपनीने ‘फोर्स मोटर्स’ हे नाव घेतलं आणि ‘टेम्पो’ पाटीवरून गेला. गंमत म्हणजे त्याच वर्षी, मे महिन्यात, टाटा मोटर्सने ‘एस’ बाजारात आणली. लोकांनी तिचं बारसं केलं, ‘छोटा हत्ती’.

या हत्तीचं इंजिन म्हणजे जुगाडाचा अस्सल नमुना आहे. पिंपरीतच बनणाऱ्या इंडिकाचं १४०५ सीसीचं, चार सिलिंडरचं डिझेल इंजिन घेतलं आणि चक्क अर्धं केलं! दोन सिलिंडर, ७०२ सीसी, १६ हॉर्सपॉवर. आजची बरी बाइक याहून जास्त ताकद दाखवते. पण हत्तीला रेस लावायचीच नव्हती. पाऊण टन माल घेऊन गल्लीत वळायचं आणि पुन्हा हायवेला लागायचं, एवढंच काम होतं. किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. गिरीश वाघ यांच्या टीमने गाडी आखण्याआधी तीनचाकीवाल्यांशी भरपूर गप्पा मारल्या होत्या. त्यातला एक किस्सा अजून सांगितला जातो. एकाला चारचाकी का हवी होती? तर गावात लग्न जमणं सोपं जातं म्हणून! मॅट्रिमनी साइटवर ‘पॅकेज’ बघणाऱ्यांनी हसू नये.

२००७ मध्ये एससाठी उत्तराखंडात पंतनगरला वेगळा कारखाना उभा राहिला. इकडे चाकणच्या नव्या प्लांटमधून महिंद्राने २०१० मध्ये ‘मॅक्सिमो’ काढून टक्कर दिली. मॅक्सिमो गेली, एस टिकली. जून २०२५ मध्ये आलेल्या ‘एस प्रो’ची सुरुवातीची किंमत होती ३ लाख ९९ हजार. म्हणजे आपण ज्या हॅचबॅकच्या टॉप मॉडेलसाठी लोन काढतो, त्याच्या निम्म्याहूनही कमी.

पण ही गाडी इथेच एवढी का? त्याचं उत्तर भोसरीच्या गाळ्यांत आहे. चाकणच्या मोठ्या कंपनीत लागणारा एखादा पार्ट एका छपराखाली पुरा होत नाही. कास्टिंग एकीकडे, मशिनिंग दुसरीकडे, हीट ट्रीटमेंट तिसरीकडे, प्लेटिंग आणखी कुठेतरी. प्रत्येक टप्प्याला चलन फाडायचं, क्रेट चढवायचे, पुढचा गाळा गाठायचा. त्या बोळांत मोठा ट्रक शिरत नाही आणि तीनचाकी भरून चाकणपर्यंत जायला फार वेळ घेते. शिवाय मोठ्या कंपन्या मालाचा साठा करून ठेवत नाहीत, लागेल तसा मागवतात. मोशीला इंद्रायणीच्या पुलाअलीकडे तासभर अडकलात, तर पलीकडे असेंब्ली लाइनवाल्याचा फोन सुरू होतो. आपल्याकडे ट्रॅफिकमुळे मीटिंगला उशीर झाला तर ‘सॉरी, स्टक’ असा मेसेज टाकून भागतं. इथे पुढची ऑर्डर जाऊ शकते.

तुमच्यापैकी कुणाला वाटत असेल, की आपणही एक घ्यावी, वीकडेला ऑफिस आणि वीकेंडला गावच्या शेतावर, तर कागदपत्रांची भीती काढून टाका. भरलेल्या गाडीचं एकूण वजन ३००० किलोच्या आत असेल, तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही. कारचं लायसन्स चालतं. ७५०० किलोपर्यंतच्या गाड्यांबाबत सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला ते स्पष्टच केलंय. मात्र पासिंग चुकवू नका. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. सेकंडहँड घेत असाल तर रंग बघू नका, वाकून खालचे पाटे बघा. ७५० किलो म्हणजे ५० किलोच्या १५ गोण्या. चाकणच्या कांदा मार्केटमध्ये कितीजण पंधरावर थांबतात ते एकदा मोजा, म्हणजे पाटे का बघायचे ते कळेल!

कागदांपेक्षा अवघड आहे ती पिवळी नंबरप्लेट. कंपनीच्या मेन गेटवर सिक्युरिटीवाला हात करतो, ‘मटेरियल गेटने या’. सोसायटीच्या फाटकावर पाटी, ‘कमर्शियल वाहनांस पार्किंग नाही’. आत सहा महिने धूळ खात पडलेली एसयूव्ही चालते. रोज राबून स्वतःचा हप्ता स्वतः फेडणारी गाडी मात्र बाहेर रस्त्यावर, रात्री डिझेल आणि बॅटरी चोरांच्या भरवशावर. मला विचाराल तर सोसायट्यांचा हा नखरा आहे. लांबीला एस मोठ्या सेडानपेक्षा कमीच भरते.

आणि ज्या घरात हीच एक गाडी आहे, तिथे ती नुसता माल नेत नाही. दवाखाना, लग्न, जेजुरी, सगळं हिच्यावरच. केबिनमध्ये जागा दोघांची आणि घरात माणसं सात. मग हौद्यात सतरंजी पडते. ११ ऑगस्ट २०२५, श्रावणी सोमवार. चाकण ज्या खेड तालुक्यात येतं, त्याच तालुक्यात कुंडेश्वरच्या दर्शनाला बायका पिकअपमधून निघाल्या होत्या. चढावर गाडी दरीत कोसळली. किमान १० जणींचा जीव गेला. हौद्याला सीट नसते, बेल्ट नसतो, धरायला काही नसतं. गोण्या बांधल्या की जागच्या हलत नाहीत. माणसं चढावर मागे सरकतात, वळणावर एका बाजूला जातात आणि गाडीचा तोल त्यांच्याबरोबर जातो. हौद्यात माणसं नेणं बेकायदा आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. पण डोंगरातल्या वाडीवरून देवळापर्यंत बस कुठली, हे विचारल्याशिवाय नुसत्या ड्रायव्हरला शिव्या घालणं मला पटत नाही. याच एसवरून २००७ मध्ये टाटाने माणसांसाठी ‘मॅजिक’ काढली होती. म्हणजे गरज कंपनीलाही दिसली होती.

या पट्ट्याचा मूड बघायचा असेल तर खंडेनवमी-दसऱ्याला या. गाळ्यागाळ्यात लेथला, ड्रिलला हार घातलेले असतात, बाहेर हत्ती धुऊन उभे. बंपरला झेंडू, आरशाला लिंबू-मिरची, पुढच्या चाकांखाली नारळ. शोरूममधून नवी गाडी निघते तेव्हा स्टिअरिंगवर मुलगा, शेजारी नऊवारीतली आई. बाकीची मंडळी मागून बाइकवर, ट्रिपल सीट!