एक नाव, दोन माणसे

गोव्यातील आमच्या गावच्या ग्रंथालयात संगणक आला, तेव्हा जुन्या वह्यांतील सभासद त्यात उतरवून घेण्यात आले. पुढे पाहतो तो एकेका गृहस्थाची दोन दोन खाती! कोणी क्रमांक विसरला म्हणून त्यास नवा दिलेला. कोणी लग्नानंतर नव्या नावाने आलेली. रोमन लिपीचा घोळ तर निराळाच. १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज कागदांत कामत हे ‘सी’ने आरंभ होणारे कामोतीं असत, आणि नाईकांच्या शेवटी ‘क्यू-यू-ई’ असे ऐटबाज शेपूट असे.

ही दुबार खाती मोडण्याचे काम आम्ही हौसेने पत्करले. आमच्याकडील ‘कोहा’ प्रणालीत दोन खाती निवडून एक राखावे, म्हणजे दुसऱ्यावरील पुस्तके राखलेल्या खात्यावर येतात आणि दुसरे नाहीसे होते. (प्रणाली न्यूझीलंडची, नाव माओरी, अर्थ भेट.) नाव, वडिलांचे नाव, पत्ता, दूरध्वनी एवढे जुळले की आम्ही अधिक विचार करीत नसू.

एके सकाळी एक वृद्ध सभासद देवघेवीच्या मेजापाशी उभे होते. स्पर्धा परीक्षेची दोन पुस्तके मुदत उलटूनही आपण परत केली नाहीत, असे त्यांना नुकतेच सांगण्यात आले होते. “हांवें केन्नाच उसरां पुस्तक परत करूंक ना,” एवढेच ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला असता तर आम्हांस बरे वाटले असते.

आमच्याकडे कित्येक घरांत नातवास आजोबांचे नाव ठेवतात. ही चाल दोन पिढ्या चालली, की आजोबांचे नाव वडिलांच्या नावासकट नातवाच्या ठायी पुन्हा अवतरते. घर एक, दूरध्वनी एक. आम्ही आजोबा आणि नातू एक करून टाकले होते! जन्मतारखेचा रकाना दोन्हीकडे कोरा होता. खरे तर तेथेच थांबावयास हवे होते.

एक केलेली खाती पुन्हा विलग करणारी कळ त्या यंत्रात नाही. कपाटातून १९६४ सालची वही काढली. तीत त्यांची ठसठशीत मराठी सही होती. नातवाचा अर्ज इंग्रजीत होता. आजोबांना नवे खाते देऊन जुना क्रमांक त्यांच्या नावे लावला, आणि दोघांच्याही नोंदीत ‘एक नव्हेत’ अशी टीप लिहिली. मग मोडलेली सारी खाती वह्यांशी ताडण्यात पावसाळा गेला.

परवा त्यांचा पणतू बालविभागात सभासद झाला. अर्ज पाहून आम्ही आधी त्याच्या आजोबांचे खाते उघडले. नाव अक्षरशः तेच होते.