मंडईचा वायर आणि वर्गणीतले 22,500 रुपये

गावच्या मंडई समितीत माझ्यावर 'चिंगूस' असा शिक्का बसलाय, म्हणून हे लिहितो.

मागच्या मंडईत दंडार रंगात आली, पण मागं बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना शब्द कळेना. यंदा साउंडचं सामान नवीन घ्यायचं ठरलं. कोटेशनमध्ये स्पीकरचा वायर 450 रुपये मीटर, 50 मीटर. "ऑक्सिजन फ्री कॉपर हाय भाऊ, आवाज साफ येते न!" त्याच जाडीचा साधा तांब्याचा वायर साठ रुपये मीटर. धानकापणीला जाणाऱ्या बाया आपल्या मजुरीतून शंभर-शंभर वर्गणी देतात. मला गप्प बसवलं नाही.

दुकानदाराने एक दिवसासाठी बंडल दिलं, हा त्याचा मोठेपणा. दोन्ही वायर दीड चौरस मिलिमीटर, दोन्ही 50 मीटर. एका टोकाला तारा जोडून दुसऱ्या टोकाला मीटर लावला, मीटरच्या दांड्यांचा रोध वजा केला. महागडा 1.3 ओम, साधाही 1.3. ऑक्सिजन काढलेलं तांबं साध्यापेक्षा वीज वाहण्यात फारतर एखाद टक्का सरस असतं, आपल्या मीटरला तेवढं दिसतच नाही.

"कानाला दिसते," अध्यक्ष म्हणाले. बरं. भाच्याला पडद्यामागे बसवलं. गाणं एकच, व्हॉल्यूमला हात नाही, वायर कोणता ते नाणं उडवून. दहा वेळा. आमचा तबलजी सहा बरोबर, मी चार, अध्यक्ष पाच. नाण्यालाही इतकंच जमलं असतं.

पण अध्यक्षांचं एक खरं निघालं, जुना वायर खराबच होता. ब्लेडने खरवडला तर आत पांढरा! ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. पितळी भांड्यांसाठी नाव असलेल्या भंडाऱ्याची माणसं आपण, घागर वाजवून घेतो आणि वायर डोळे मिटून. वर तो बारीक, मीटरवर 2.7 ओम. आठ ओमच्या स्पीकरला वायर नसता तर मिळाली असती त्याच्या 56 टक्केच ताकद पोचत होती. साध्या तांब्याने ती 74 होते. अडीच चौरसचा घेतला तर 80 च्या वर. म्हणजे फरक पडतो तो धातूने, जाडीने आणि लांबीने.

तरी मागच्यांना ऐकू न येण्याचं मुख्य कारण वायर नव्हताच. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे 6 डेसिबल उतरतो, आणि आपण सगळे स्पीकर मंचाला चिकटवून ठेवले होते. पुढची पोरं कानात बोटं घालून, मागची आजी "का म्हणते गा तो?" विचारते.

माझं म्हणणं एवढंच, तांब्याचा साधा जाड वायर घ्या आणि उरलेले पैसे मैदानाच्या मधोमध लावायच्या दोन स्पीकरांत घाला. बैठक रविवारी सायंकाळी समाजमंदिरात आहे. मीटर आणि तिन्ही वायरचे तुकडे घेऊन येतो. ब्लेड मात्र कोणीतरी आणा, माझं बोथट झालं.